'बेंड इट लाइक बेकहम' : मुली आणि पालक हमखास विचारतात ते प्रश्न

कोल्हापुरात मी मुलींसाठी फुटबॉलचं उन्हाळी शिबिर घेते. मे महिन्यात दुपारी मैदानावर पाय ठेवता येत नाही, म्हणून एक दुपार हॉलच्या खिडक्यांना चादरी लावून आम्ही हा सिनेमा बघतो. पुढे सतरंजीवर बारा ते सतरा वयाच्या मुली, मागे खुर्च्यांवर आया, आणि दाराशी, आत यावं की नाही अशा बेतात उभे असलेले दोन-चार वडील. सिनेमा संपला की प्रश्न सुरू होतात. काही तिथेच विचारले जातात, जास्त नाजूक असतात ते रात्री व्हॉट्सॲपवर येतात. दरवर्षी तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. गोष्ट शेवटासकट सांगितली आहे. ज्यांना आधी सिनेमा बघायचा आहे त्यांनी तो बघूनच हे वाचावं.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

पश्चिम लंडनमधलं हाउन्स्लो. हीथ्रो विमानतळाला इतकं लागून की घरांच्या कौलांवरून सारखी विमानं उतरत असतात. तिथल्या एका शीख घरातली अठरा वर्षांची जसमिंदर भामरा, म्हणजे जेस. खोलीत देवासारखं इंग्लंडचा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहमचं पोस्टर लावलेलं, मनातलं सगळं ती त्याच्याशी बोलते. बागेत मुलांबरोबर खेळताना तिला जूल्स पाहते आणि हाउन्स्लो हॅरियर्स या मुलींच्या संघात ओढून नेते. घरी मात्र थोरल्या बहिणीच्या, पिंकीच्या लग्नाची धामधूम, आणि आई-वडिलांना फुटबॉल अजिबात मान्य नाही. मग चोरून खेळणं, पकडलं जाणं, खोटं बोलून हॅम्बर्गला सामन्याला जाणं, प्रशिक्षक जोवरून जूल्सशी बिनसणं, आणि शेवटी पिंकीचं लग्न नि अंतिम सामना एकाच दिवशी.

गुरिंदर चढ्ढा यांनी दिग्दर्शित केलेला हा सिनेमा २००२ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये लागला. जेस आहे पर्मिंदर नागरा, जूल्स कीरा नाइटली, वडील अनुपम खेर, आई शाहीन खान आणि पिंकी आर्ची पंजाबी. मुलींना एक गोष्ट ऐकून फार गंमत वाटते: चित्रीकरणाच्या वेळी पर्मिंदर पंचविशीत होती आणि तिची मैत्रीण झालेली कीरा अवघी सोळा वर्षांची.

नावाचा अर्थ काय? बेकहम तर फारसा दिसतच नाही.

बेकहम या सिनेमात काम करत नाही. शेवटी विमानतळावर लांबून दिसतो तोही त्याच्यासारखा दिसणारा माणूस आहे. 'बेंड' म्हणजे वळवणं; 'बेकहमसारखा चेंडू वळव' असं ते नाव आहे, आणि त्यातली गोष्ट आहे फ्री किकची. समोर प्रतिस्पर्ध्यांची भिंत उभी असते. उजव्या पायाच्या आतल्या बाजूने चेंडूच्या उजव्या अंगाला घासून फटका दिला की चेंडू स्वतःभोवती फिरतो, भिंतीला वळसा घालून डावीकडे वळतो आणि गोलात शिरतो. बेकहमचा यात हातखंडा होता. ६ ऑक्टोबर २००१ ला ओल्ड ट्रॅफर्डवर ग्रीसविरुद्ध अगदी शेवटच्या मिनिटांत त्याने अशीच फ्री किक मारली आणि इंग्लंड २००२ च्या विश्वचषकात पोचलं. सिनेमा आला तेव्हा ती किक प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर होती.

अंतिम सामन्यात जेस फ्री किक घ्यायला उभी राहते, तेव्हा तिला समोरच्या भिंतीत प्रतिस्पर्धी मुली दिसतच नाहीत. तिथे तिची आई, बहीण, नात्यातल्या बायका लग्नाच्या कपड्यांत, दागिन्यांनी मढून उभ्या असतात. मी इथे सिनेमा थांबवते आणि मुलींना विचारते, तुझ्या भिंतीत कोण कोण उभं आहे? बहुतेक जणी आधी हसतात. मग एखादी हळूच म्हणते, "मामी." मग दुसरी म्हणते, "खालच्या मजल्यावरच्या काकू."

कितव्या वर्षापासून दाखवावा?

ब्रिटनमध्ये बारा वर्षांखालच्यांना योग्य नाही असं प्रमाणपत्र होतं, अमेरिकेत तेरा वर्षांखालच्यांसाठी पालकांना सावध करणारं. मीही सातवीच्या खाली दाखवत नाही. एखाददुसरं चुंबन आहे, गाडीतला एक प्रसंग आहे, थोड्या शिव्या आहेत, खोलीत कपडे बदलणाऱ्या मुली आहेत. यातलं काहीच मुलींना नवीन नसतं. मागच्या खुर्च्यांवर चुळबुळ जास्त होते.

वडील इतके शांत स्वभावाचे, मग खेळायला विरोध का करतात?

या प्रश्नासाठी मी दरवर्षी सिनेमा दाखवते, असं म्हटलं तरी चालेल.

भामरा कुटुंब पंजाबातून थेट लंडनला आलेलं नाही. वडील नैरोबीचे. आपल्याकडच्या बऱ्याच प्रेक्षकांचं हे लक्षातच येत नाही. १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी पूर्व आफ्रिकेत रेल्वे बांधली, त्यासाठी पंजाबातून हजारो मजूर आणि कारागीर नेले. काही परतले, काही तिथेच राहिले, मागून व्यापारी-नोकरदार गेले. केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला. पुढे तिथलं नागरिकत्व न घेतलेल्या आशियाई लोकांच्या नोकरी-धंद्यावर बंधनं आली आणि कुटुंबंच्या कुटुंबं ब्रिटनला निघाली. १९६८ मध्ये ब्रिटननेही कायदा करून त्यांच्यासाठी दार अरुंद केलं. गुरिंदर चढ्ढा यांचा स्वतःचा जन्म नैरोबीचा, १९६० सालचा, आणि वाढल्या लंडनच्या साउथहॉलमध्ये. त्यामुळे हा बाप त्यांनी घरातूनच ओळखलेला आहे.

हा बाप शाळेत वेगवान गोलंदाज होता. नैरोबीत त्याच्या संघाने चषक जिंकला होता. लंडनला आला, क्रिकेट क्लबात गेला, तर तिथल्या गोऱ्यांनी त्याच्या पगडीची टिंगल केली आणि त्याला हाकलून दिलं. त्याने बॅट-बॉल कायमचा ठेवून दिला. हे सगळं तो जोला सांगतो, जो घरी जेसची रदबदली करायला आलेला असतो तेव्हा. त्या प्रसंगात अनुपम खेर आवाज चढवत नाहीत. वर्षानुवर्षं आतल्या आत ठेवलेलं माणूस जसं पाहुण्यासमोर एकदम बोलून जातो, तसं ते बोलतात.

हे ऐकल्यावर त्याचा नकार वेगळा दिसायला लागतो. मुलगी खेळली तर लोक काय म्हणतील, ही चिंता आईची जास्त आहे. बापाला वेगळीच भीती आहे: आपल्याला जसं दारातून परत पाठवलं तसं हिलाही पाठवतील, आणि ही मोडून पडेल. तो तिला ज्या गोष्टीपासून वाचवू बघतो, ती घराबाहेर आहे. पण दार बंद करतो तो घराचं.

माझ्या शिबिराच्या दाराशी उभे असणारे वडीलही बरेचदा स्वतः खेळलेले असतात. कोल्हापुरात फुटबॉल पेठापेठांतून, तालमी-मंडळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की दुकानं लवकर बंद होतात. त्यामुळे 'फुटबॉल काय असतं' हे त्यांना शिकवावं लागत नाही. "मॅडम, आम्ही बघितलंय की तिथं काय काय चालतं," असं ते म्हणतात. निवडीत डावललं गेलेलं असतं, गुडघा गेलेला असतो आणि विचारायला कुणी आलेलं नसतं. मुलीला नाही म्हणताना ते त्या दिवसांबद्दल बोलत असतात, हे मला हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघताना कळलं.

आई म्हणजे सिनेमातली खलनायिका का?

आमच्या मुली पहिल्यांदा असंच म्हणतात, आणि मागच्या आया गप्प होतात. मला हे फार लागतं, म्हणून थोडं सविस्तर.

जेसच्या आईचं म्हणणं ऐका. परक्या पुरुषांसमोर उघड्या पायांनी पळायचं? दिवसभर बॉलला लाथा मारता येतात आणि गोल पोळी लाटता येत नाही अशी सून कुठलं घर करेल? हशा पिकतो. पण ही बाई हीथ्रोवर ओव्हरटाइम करून घर उभं करणाऱ्यांतली आहे. परक्या देशात तिच्या हातात टिकवण्यासारखं होतं ते एवढंच: भाषा, स्वयंपाक, गुरू नानकांची तसबीर आणि चार नातेवाईक. मुलीचं लग्न बिनसलं तर त्या चार नातेवाइकांतली तिची जागाही जाते. आणि ते खरंच घडतं. रस्त्यावर जेस आणि आखूड केसांची जूल्स हसत-खिदळत एकमेकींच्या गळ्यात पडतात, ते पिंकीच्या होणाऱ्या सासरच्यांना 'जेस एका इंग्रज पोराचं चुंबन घेतेय' असं दिसतं आणि ते लग्न मोडतात (पुढे ते पुन्हा ठरतं). आईची भीती पोकळ नव्हती, हे दिग्दर्शिकेने दाखवलंय.

दुसरी गोष्ट जूल्सची आई पॉला. इंग्रज, मोकळी, बंगलीत राहणारी. तरी तिचीही रड तीच. मुलीने जरा नटावं, फुगीर ब्रा घालावी, खेळत बसली तर मुलगा कोण मिळणार. संस्कृती वेगळी, कपडे वेगळे, घोर एकच. 'आपल्या लोकांतच मुलींवर बंधनं असतात' असं समजून हळहळणाऱ्या मुलींना मी पॉलाकडे बघायला सांगते. पुढे हीच पॉला बागेतल्या टेबलावर मोहरीचा सॉस, दुसऱ्या सॉसची बाटली आणि मिठाचं भांडं मांडून नवऱ्याकडून ऑफसाइडचा, म्हणजे चेंडू मिळण्याआधी खेळाडूने किती पुढे उभं राहायचं त्याचा, नियम शिकते. मुलीच्या जवळ जायला तिला तो नियम लागतो. मीही शिबिरात आयांना ऑफसाइड तसाच शिकवते. लोणच्याची बरणी गोलकीपर.

शेवटी जेसची आई म्हणते की मी तिला पूर्ण जेवण करायला शिकवलं, आता पुढचं देवाच्या हातात. हार म्हणून मी ते ऐकत नाही. मुलीला परदेशी पाठवणाऱ्या कुठल्याही आईने डबा भरून द्यावा, तसं ते आहे.

पिंकीला फक्त लग्न हवंय. मग ती मागासलेली ठरते का?

नाही. तिला होणारा नवरा टीटू आवडतो, तिला लग्न हवंय, नटायला हवंय, घर हवंय. दिग्दर्शिकेने तिची टर उडवलेली नाही. उलट लग्नातला नाच आणि मैदानावरचा सामना आलटून पालटून दाखवले आहेत, दोन्हीकडे सारखाच घाम आणि सारखाच आनंद. आमच्या शिबिरातही दोन-तीन पिंकी असतात, त्यांना बहिणीची सोबत म्हणून पाठवलेलं असतं. त्यांना कमी लेखलेलं मी चालवून घेत नाही.

जेसच्या पायावरची भाजल्याची खूण मेकअप आहे का?

खरी आहे. पर्मिंदर नागरा यांच्या पायावर लहानपणीच्या अपघाताची खूण आहे. ती झाकण्याऐवजी गुरिंदर चढ्ढा यांनी पटकथेत घेतली. जेस शॉर्ट्स घालायला का कचरते, हे जोला सांगते: आठ वर्षांची असताना टोस्टवर बीन्स गरम करायला गेले, पँटने पेट घेतला, आई ओव्हरटाइमवर होती. जो तिला स्वतःच्या गुडघ्यावरची शस्त्रक्रियेची खूण दाखवतो. दोन मिनिटांचा प्रसंग आहे.

काही वर्षांपूर्वी शिबिरात चौदा वर्षांची एक मुलगी होती. मे महिन्यातही जाड काळी लेगिंग घालून खेळायची. तिच्या पोटरीवर उकळतं दूध सांडलं होतं, घरच्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. सिनेमा संपल्यावर सगळ्या पाणी प्यायला गेल्या आणि ही लॅपटॉपपाशी येऊन म्हणाली, "मॅडम, ते परत लावा ना." मी तो प्रसंग लावला. तिने पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघितलं. "खरंच तिचा पाय आहे?" मी हो म्हटलं. लेगिंग तिने त्या वर्षी काढली नाही. पण दुसऱ्या दिवशी शिन गार्डचं माप घेताना तिने ती गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला. आधीचे आठ दिवस ती ते गार्ड लेगिंगवरून, सैल, तिरकं बांधत होती. कातडी तिथे गुळगुळीत, थोडी चमकणारी होती. आम्ही पट्टा दोन बोटं खाली घेतला, म्हणजे घासणार नाही.

वेगळा चेहरा, वेगळा रंग, वेगळं अंग पडद्यावर दिसणं महत्त्वाचं असतं असं आपण नेहमी वाचतो. मला ते त्या दिवशी समजलं.

सामन्यात तिला शिवी देतात ती काय? त्यावर ती एवढी का चिडते?

प्रतिस्पर्धी मुलगी तिला 'पाकी' म्हणते. आमच्या मुली गोंधळतात: ती तर भारतीय, मग पाकिस्तानी म्हटलं तर एवढं काय? ब्रिटनमध्ये हा शब्द भारत, पाकिस्तान, बांगलादेश असा कुठल्याही मुळाच्या माणसाला घाण म्हणून फेकला जातो, आणि तो ऐकवत मारहाणी झाल्या आहेत. जेस तिला ढकलते आणि लाल कार्ड तिलाच मिळतं. शिवी देणारीला काही होत नाही. जो आधी तिच्यावर ओरडतो, मग ती का चिडली ते कळल्यावर म्हणतो की मी आयरिश आहे, मला ते समजतं. आणि हे सगळं बाप लपून बघत असतो. त्याला ज्याची भीती होती, नेमकं तेच.

मुलींना मी पुढचा प्रश्न विचारते: आपल्या मैदानावर कुणाला कशावरून बोललं जातं? रंगावरून, वस्तीवरून, आडनावावरून? गेल्या वर्षी एका मुलीने उत्तर दिलं आणि तिच्याच संघातली दुसरी मान खाली घालून बसली. आम्ही सामन्याचा सराव सोडून अर्धा तास त्यावर बोललो.

टोनीबद्दल मुलांना काय सांगायचं?

खरं आहे तेच. टोनी जेसचा मित्र, शीख समाजातलाच मुलगा. त्याला मुलं आवडतात. तो हे फक्त जेसला सांगतो आणि ती दचकून 'पण तू तर इंडियन आहेस' अशा अर्थाचं बोलून जाते. त्या एका वाक्यात किती मोठा गैरसमज आहे, हे मुलींना लगेच कळतं. हसतात त्या जेसला, टोनीला नाही. विनोद कुणाच्या अंगावर पडतो हे इथे बारकाईने बघण्यासारखं आहे.

सिनेमा आला तेव्हा इंग्लंडमध्ये १९८८ चा 'कलम २८' हा कायदा होता. स्थानिक प्रशासनाने समलैंगिकतेचा 'प्रचार' करायचा नाही, असा तो कायदा, आणि त्याच्या धाकाने शाळांतून शिक्षक या विषयावर तोंड उघडायला घाबरत. तिथे तो गेला २००३ च्या नोव्हेंबरमध्ये, सिनेमानंतर दीड वर्षाने. आपल्याकडे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७ वरचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. म्हणजे ज्या गोष्टीवर वर्गात बोलणं अवघड होतं, ती या हलक्याफुलक्या सिनेमाने घराघरात नेली.

माझी तक्रार एवढीच की टोनीची गोष्ट तिथेच थांबते. त्याच्या घरी कळलं का, पुढे काय, काहीच नाही. तो जेसला सामन्याला पोचवतो, आणि खोटा साखरपुडा करायलाही तयार होतो. मदतीला हजर, स्वतःसाठी जागा नाही.

जूल्स आणि जेसच खऱ्या प्रेमात आहेत असं काही जण म्हणतात, ते बरोबर का?

सिनेमात तसं नाही, पण म्हणणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. पॉलाचा पक्का समज होतो की दोघी एकमेकींच्या प्रेमात आहेत. ती पिंकीच्या लग्नात येऊन सगळ्यांसमोर जेसला बोलते आणि जूल्सने दिलेले आपले बूट तिच्या पायातून काढून मागते. प्रसंगात सगळे हसतात. पण त्या विनोदाचा आधार 'बरं झालं, तसं काही नाही' हा सुटकेचा निःश्वास आहे. महिला फुटबॉलमध्ये समलैंगिक खेळाडू किती मोकळेपणाने खेळतात हे आज सगळ्यांना दिसतं, आणि सिनेमातल्या कुणाही मुलीच्या वाट्याला ते येत नाही. रात्री व्हॉट्सॲपवर जे प्रश्न येतात, त्यांतला एखादा दरवर्षी याबद्दलचा असतो. उत्तर देताना मी सिनेमाचा आडोसा घेत नाही. "तुला जे वाटतं त्यात काही वावगं नाही, आणि तू सांगशील त्याशिवाय मी कुणाला सांगणार नाही," एवढं लिहिते.

प्रशिक्षकाशी प्रेम, हे चालतं का?

नाही चालत. सिनेमा मला कितीही आवडत असला तरी इथे मी स्पष्ट बोलते. जेस अठरा वर्षांची आहे, जो तरुण आहे, सभ्य आहे, आपली नोकरी जाईल हे त्यालाही माहीत आहे. तरी संघात कोण असेल, कोण बाहेर बसेल हे ज्याच्या हातात, त्याच्याशी बरोबरीचं नातं होत नाही. ब्रिटनने २०२२ मध्ये कायदा बदलून सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूंशी प्रशिक्षकांचे लैंगिक संबंध गुन्हा ठरवले. आपल्याकडे अठराखालच्या प्रत्येकासाठी लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. मुलींना मी सांगते: सरांनी एकटीला उशिरा थांबवलं, रात्री मेसेज केले, 'तू वेगळी आहेस' म्हटलं, तर ते कौतुक समजू नका. घरी सांगा, मला सांगा. मुलींच्या संघांमध्ये घडलेल्या गोष्टी मी जवळून बघितल्या आहेत आणि ज्यांनी बोलायला हवं होतं ते बोलले नाहीत, तेही बघितलंय.

सिनेमा मुलींना खोटं बोलायला शिकवत नाही का?

जेस पुष्कळ खोटं बोलते. दुकानात काम करतेय असं सांगून सरावाला जाते. घरी खोटं सांगून हॅम्बर्गला जाते. लग्नासाठीच्या चपलांच्या पैशांतून फुटबॉलचे बूट घेते. आणि प्रत्येक खोटं अंगाशी येतं: हॅम्बर्गची बातमी फोटोसकट पेपरात छापून येते, आणि चपलाच नाहीत म्हणून पॉलाचे बूट पायात येतात, ज्यावरून भर लग्नात तमाशा होतो.

पण शेवट बघा. अमेरिकेतल्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाल्यावर टोनी सोपा रस्ता काढतो, आपण साखरपुडा केल्याचं सांगू, मग तुला जाऊ देतील. आणि जेस त्याला मधेच थांबवते. सगळ्या नातेवाइकांसमोर सांगते की मी आज सामना खेळून आले, जिंकून आले, आणि मला जायचंय. मैदानातून परतताना संघातल्या गोऱ्या, काळ्या मुलींनी मिळून तिला कशीबशी साडी गुंडाळून दिलेली असते. त्याच साडीत ती हे बोलते.

आयांना मी एवढंच विचारते की आपली मुलगी खोटं बोलली तेव्हा खरं बोलायला तिला घरात जागा होती का. हा प्रश्न कुणाला आवडत नाही, मलाही माझ्या आईने कधी विचारलेला नव्हता.

शेवटी अमेरिकेलाच का जातात? इंग्लंडमध्ये मुलींचं फुटबॉल नव्हतं का?

होतं, आणि दाबलं गेलं होतं. १९२० च्या नाताळानंतर दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज हा कारखान्यातल्या मुलींचा संघ खेळला, तेव्हा ५३,००० प्रेक्षक होते. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांचे सामने बंद केले. हा खेळ बायकांना मानवत नाही, हे कारण. बंदी उठायला १९७१ उजाडावं लागलं. म्हणजे जूल्सची आई लहान होती तेव्हा तिच्या देशातल्या मुलींना नीट मैदानच मिळत नव्हतं. पॉलाला ऑफसाइड माहीत नसणं हा त्या पन्नास वर्षांचाच परिणाम.

अमेरिकेत त्या वेळी चित्र वेगळं होतं. १९९९ चा महिला विश्वचषक त्यांनी जिंकला होता आणि २००१ मध्ये तिथे महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली होती. जूल्सच्या डोळ्यांसमोर तेच स्वप्न आहे. ती लीग २००३ च्या सप्टेंबरमध्ये बंद पडली. सिनेमा बघताना हे आठवलं की पोटात कालवतं.

मग आज काही बदललंय का?

इंग्लंडच्या मुलींनी २०२२ मध्ये वेम्बलीवर जर्मनीला २-१ हरवून युरो, म्हणजे युरोपचा महिला चषक, जिंकला, २०२५ मध्ये स्पेनला पेनल्टीवर हरवून पुन्हा जिंकला. पण २०२२ च्या अंतिम सामन्यात मैदानात उतरलेल्या पहिल्या अकरांत एकही कृष्णवर्णीय किंवा आशियाई वंशाची मुलगी नव्हती. आणि २०२५ च्या स्पर्धेत बचाव फळीतल्या जेस कार्टर हिला इंटरनेटवर वर्णद्वेषी शिवीगाळ झाली. सिनेमातल्या जेसला मिळालेलं लाल कार्ड तेवीस वर्षांनीही जुनं झालेलं नाही.

आपल्याकडे गोलकीपर अदिती चौहान २०१५ मध्ये लंडनच्या वेस्ट हॅमकडून खेळली, बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली. २०२२ चा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत झाला. आणि २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या मुलींनी थायलंडला २-१ हरवून आशिया चषकात जागा मिळवली. त्या रात्री माझ्या फोनवर शिबिराच्या जुन्या मुलींचे इतके मेसेज आले की सकाळी चार्जिंग संपलेलं होतं.

हा तर पंजाब्यांचा सिनेमा. आमच्या मुलींनी का बघावा?

लग्नघरातली ती गर्दी, बायकांचा स्वयंपाकघरातला कल्ला, खरेदीच्या पिशव्या, 'शेजारी बघतायत' ही कुजबुज. दहा मिनिटांत मुली विसरतात की घर कुणाचं आहे. पण एक सांगायला हवं. हे कुटुंब 'भारतीय' म्हणून सरसकट दाखवलेलं नाही. ते शीख आहे, नैरोबीहून आलेलं आहे, हाउन्स्लोचं आहे, विमानतळाच्या नोकरीवर चालणारं आहे. इतकं नेमकं आहे म्हणूनच ते आपलं वाटतं. कोल्हापूरच्या पेठेतल्या मुलीची गोष्टही अशीच कुणीतरी नेमकी सांगावी, तालमीच्या नावासकट, गुडघ्याच्या पट्टीसकट, अशी माझी फार इच्छा आहे.

शेवटी वडील आणि जो क्रिकेट खेळताना दिसतात, तो प्रसंग कशासाठी?

लग्नाच्या मांडवात मुलीचा उतरलेला चेहरा बघून बापच म्हणतो की जा, खेळून ये. आणि नंतर सगळ्यांसमोर कबूल करतो: मला हाकललं तेव्हा मी गप्प बसलो, पुन्हा खेळायचं नाही असं ठरवलं, आणि त्यात नुकसान कुणाचं झालं तर माझंच. हिने तसं करू नये. हिने लढावं आणि जिंकावं.

तेवढ्यावर सिनेमा संपवता आला असता. पण मुली अमेरिकेला गेल्यानंतर हा माणूस पुन्हा मैदानात दिसतो, ज्या देशाने त्याला क्लबाबाहेर काढलं त्याच देशाच्या गवतावर, क्रिकेटचे कपडे आणि पगडी घालून. मुलीमुळे त्याचाही खेळ परत आलाय.

गेल्या मे महिन्यात दाराशी एक वडील उभे होते. पंचेचाळिशीचे असतील. तरुणपणी एका नावाजलेल्या संघात होते, एका वर्षी काहीही कारण न देता वगळले गेले, त्यानंतर स्टेडियमची पायरी चढले नाहीत, असं त्यांच्या बायकोने मला सांगितलं होतं. मुलीला त्यांनी शिबिराला पाठवलं होतं ते दहा दिवसांसाठी, 'सुट्टीत घरात बसण्यापेक्षा' म्हणून. सिनेमाभर ते उभेच राहिले. क्रिकेटचा प्रसंग आला तेव्हा बाहेर जाऊन चप्पल घालायला लागले. मला वाटलं, गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मुलीला सोडायला आले आणि गाडी चालू ठेवूनच थांबले. मुलींचा फ्री किकचा सराव सुरू होता, चेंडू सारखे गोलाच्या मागे, कुंपणापलीकडच्या झुडपांत जात होते. थोड्या वेळाने गाडीचा आवाज बंद झाला. ते कुंपणापलीकडे गेले, एक चेंडू उचलला, हाताने टाकणार होते. मग खाली ठेवला आणि पायाने मारला. तो कुंपणावरून वळत आत आला. त्यांची मुलगी ओरडली, "पप्पा, परत!"